रक्त काही वरण नाही, पाणी ओतून पातळ करायला

दर महिन्याच्या पत्रांत निम्मी शुगरची असतात आणि उरलेली गुडघ्यांची. या खेपेला मात्र रक्ताच्या गुठळीवरची पत्रं लागोपाठ निघाली. ती आधी घेते. गुडघेवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : वडील 64 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी ॲटॅक आला, जळगावला नेऊन स्टेंट टाकला. आईला लहानपणी सांध्यांचा ताप होऊन हृदयाची झडप खराब झाली होती, सहा वर्षांपूर्वी मुंबईला धातूची झडप बसवली. दोघांनाही रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. वडिलांना इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल, आईला ॲसिट्रोम. केळीची कापणी चालू होती, फैजपूरला जायला सवड झाली नाही आणि आईच्या गोळ्या संपल्या. मग तिने चार दिवस वडिलांच्या डब्यातली इकोस्प्रिन घेतली. त्रास काही दिसत नाही. चालतं ना? — एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नाही चालत. भाऊ, पत्रावर तुमचा नंबर होता म्हणून अंक निघायची वाट न बघता मी फोन केला आणि त्याच संध्याकाळी तुम्ही आईला घेऊन गेलात. आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचं माप, 1.2 निघाला. तिच्या झडपेला तो साधारण 2.5 ते 3.5 लागतो. म्हणजे ते चार दिवस ती माउली जवळजवळ उघड्यावर होती.

पण सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही. 'रक्त पातळ करायची गोळी' हा शब्द आम्ही डॉक्टरांनीच घरोघरी पोचवला. अमळनेरला माझ्या ओपीडीत म्हातारी पाकीट पुढे करून विचारते, "बाई, रगत पातय करानी गोयी हाईच शे ना?" आणि बाहेर पन्नास पेशंट ताटकळत असले की मीही "हो, तीच" म्हणून मोकळी होते. चौतीस वर्षं हेच केलं. आता तुमच्या पत्राच्या निमित्ताने निस्तरते.

रक्त पातळ बितळ काही होत नाही. वरण घट्ट झालं की तांब्याभर पाणी ओततो, तसला हा प्रकार नाही. तुमच्या आईचं रक्त आणि तुमचं रक्त शेजारी शेजारी दोन बाटल्यांत ठेवलं तर दाटपणात फरक कळणार नाही. फरक पडतो तो गोठण्यात. आणि रक्त गोठतं ते एका दमात नाही, दोन फेऱ्यांत.

पांझरेच्या काठी साक्री भागात फडाचं, म्हणजे पाटाने वाटून घेतलेलं, पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. पाटाला भगदाड पडलं की पाटकरी आधी हाताला लागेल ते त्यात ढकलतो. दगड, ढेकळं, रेतीची गोणी. तोंड बुजतं, पण पाझर चालूच राहतो. मग तो पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आडव्यातिडव्या रोवतो, काटेरी फांद्या गुंफतो, वरून चिखल लिंपतो. तेव्हा कुठे ते काम पाण्याच्या जोराला टिकतं. रक्तवाहिनीला इजा झाली की पहिली धाव प्लेटलेट नावाच्या रक्तातल्या बारीक पेशींची. त्या एकमेकींना चिकटून भोकावर बसतात, ही झाली दगडांची फेरी. मागून फायब्रिन नावाचे धागे विणले जातात, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि घट्ट गुठळी होते. ही पऱ्हाट्यांची फेरी.

तुमच्या वडिलांची गोळी दगड टाकणाऱ्यांना थोपवते. आईची गोळी पऱ्हाट्या रोवू देत नाही. पाकिटं एकाच डब्यात असली तरी कामं दोन.

दोघांना वेगवेगळ्या गोळ्या का? तर गुठळी कुठे होते त्यावर ते ठरतं. वडिलांच्या हृदयाच्या धमनीत रक्त जोराने धावतं. तिथे चरबीचा थर तडकला की त्या वेगातही पटकन चिकटू शकतात त्या प्लेटलेट, म्हणून तिथल्या गुठळीत त्यांचाच भरणा. आईच्या झडपेजवळ गोष्ट निराळी. धातू शरीराला परका, त्याच्या कडेकपारीला रक्त घोटाळतं, आणि रक्त रेंगाळलं की धागे विणायला फावतं. पायाच्या शिरेत किंवा अनियमित फडफडणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात होणाऱ्या गुठळ्याही याच जातीच्या. तिथे एकटी ॲस्पिरिन (इकोस्प्रिन म्हणजे हीच) म्हणजे पुरासमोर सुपली.

ॲस्पिरिनचं काम मला नेहमीच चलाखीचं वाटत आलंय. प्लेटलेट दुसऱ्या प्लेटलेटला हाक मारते ती थ्रॉम्बोक्सेन नावाच्या रसायनाने. ते रसायन तयार करणारं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं निकामी करते. दुसरी पेशी असती तर तिने नवीन एन्झाइम बनवलं असतं, पण प्लेटलेटला केंद्रकच नाही, त्यामुळे दुरुस्ती नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य, तेवढे दिवस ती मुकीच. रोज साधारण एक दशांश प्लेटलेट नव्याने येतात, तेवढ्यांचा बंदोबस्त करायला रोज 75 मिलिग्रॅम पुरते. ॲस्पिरिनचं हे गुपित जॉन व्हेन यांनी 1971 साली उलगडलं आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. ॲस्पिरिन तयार झाली मात्र 1897 साली. पाऊणशे वर्षं जग ती का लागू पडते हे न कळताच खात होतं. क्लोपिडोग्रेल त्याच प्लेटलेटचा दुसरा कान बंद करते. (स्टेंटला दोन वर्षं झाली आहेत. अजून दोन्ही गोळ्या लागतात का, हे वडिलांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मनाने मात्र एकही बंद करू नका.)

ॲसिट्रोम थेट रक्तात काही करत नाही. तिचं दुकान यकृतात. धागे विणण्याच्या कामाला जे घटक लागतात त्यांतले दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार यकृत तयार करतं, आणि त्यांना शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. ते एकदा वापरलं की शरीर घासूनपुसून पुन्हा वापरात आणतं. ॲसिट्रोम आणि तिच्याच जातीची वॉर्फरिन नेमकं हे घासणं-पुसणं बंद पाडतात. मग घटक तयार होतात पण अर्धेकच्चे, कामाला निरुपयोगी. आधी बनून रक्तात फिरत असलेले घटक मात्र संपेपर्यंत काम करतच राहतात, म्हणून गोळी सुरू केल्यावर पूर्ण आधार मिळायला चार-पाच दिवस जातात. उलट ॲसिट्रोम बंद झाली की तिचा असर दोन-तीन दिवसांत ओसरतो. तुमचे चार दिवस इथे नडले.

म्हणूनच आईला लगेच पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू केली. हेपॅरिन काही तासांत लागू पडतं, कारण ते यकृताच्या नादी लागत नाही. रक्तातच अँटिथ्रॉम्बिन नावाचा एक आवर घालणारा घटक असतो, त्याच्या अंगात ते बळ आणतं. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. कोणी विचारलं तर मी ते लपवत नाही, आणि आजवर ऐकून नाही म्हणणारं कोणी भेटलं नाही. आयएनआर जागेवर आला की इंजेक्शन बंद, गोळी चालू. चुकलेल्या गोळ्यांचा अनुशेष भरून काढायला दोन-दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, हे आईला बजावा.

फोनवर तुम्ही विचारलंत, तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या आल्यात, त्या आईला का देत नाहीत? डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबान, ॲपिक्सबान. चांगल्या गोळ्या आहेत, मी बऱ्याच जणांना लिहून देते. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान अशा पेशंटना देऊन पाहिली, तर झडपेवर गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. ते निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, प्रयोग मध्येच थांबवावा लागला. सांध्यांच्या तापाने झडप आकसली आणि हृदय अनियमित चाललं, अशा पेशंटमध्ये रिव्हरॉक्सबान जुन्या गोळीपेक्षा कमी पडली, हे 2022 साली समोर आलं. तेव्हा आईच्या नशिबी महिन्याच्या तपासणीची सुई आहेच.

आणि एक करा. रात्री सगळं निजलं की आईजवळ बसून कान द्या. धातूच्या झडपेची टिकटिक घड्याळासारखी ऐकू येते. घरच्यांना तिची इतकी सवय होते की पुढे ती कानावर पडेनाशी होते. ती मंद झाली, बंद झाली किंवा आईला एकाएकी दम लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर कापणी राहू द्या आणि गाडी काढा.

प्रश्न : मला वॉर्फरिन चालू आहे. पालेभाज्या बंद करा असं सांगितलंय. पोकळा नाही, मेथी नाही, कांद्याच्या पातीशिवाय भरीत कसं खाऊ? — एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, बंद करू नका, सारखं ठेवा. हिरव्या पानांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध ओढतं. तुम्ही आठवड्यातून तीनदा पालेभाजी खात असाल तर त्या खाण्यावरच तुमचा डोस बसवलेला असतो. गडबड होते ती एकदम बदल केल्यावर. माझ्या एका पेशंटचा आयएनआर दर वर्षी थंडीत घसरायचा. गोळी नियमित, पाकिटं मोजून घेतलेली. शेवटी त्यांच्या सुनेने उलगडा केला. चातुर्मासात घरात कांदा-वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की सासरे पुढचे दोन महिने रोज भरीत खाणार, वर जुडीभर कच्ची पात आणि मूठभर कोथिंबीर. वांग्याचा दोष नव्हता, पातीचा होता. आता दर मार्गशीर्षात आम्ही तपासणी दोनदा करतो. भरीत चालू आहे.

भाजीपेक्षा मला धास्ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळीची. कपाशी वेचून कंबर धरली की दोन रंगीत गोळ्या पुडीत बांधून मिळतात, त्यांत डायक्लोफेनॅक असते. ती पोटाच्या अस्तराला ओरखडते आणि प्लेटलेटलाही ढिलं करते. इकडे वॉर्फरिन चालूच, मग काळी शौच झाली तर नवल काय? जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल आणि बुरशीवरची फ्लुकोनॅझोल वॉर्फरिनचा जोर वाढवतात, टीबीची रिफाम्पिसिन तो पार उतरवते. कुठल्याही दवाखान्यात बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच बोला, की मला वॉर्फरिन चालू आहे.

प्रश्न : शेजारी म्हणतात, ही गोळी म्हणजे उंदराचं औषध. खरं आहे का? — एक वाचक, पारोळा

उत्तर : खरं आहे. 1933 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात धडकला. गायी किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरत होत्या. कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून त्या बुरसलेल्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्याचाच भाऊबंद म्हणजे वॉर्फरिन. 1948 साली ते उंदरांसाठी बाजारात आलं, 1954 साली माणसांसाठी मंजूर झालं, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट ॲटॅकनंतर तेच दिलं गेलं. विष आणि औषध यांत डोसाचं अंतर. इथे तेच आयएनआरने मोजतात.

तुमच्या शेजाऱ्यांना एक सांगा. कृषी केंद्रात उंदरांसाठी मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या याच घराण्यातल्या, पण असर कितीतरी जास्त दिवस टिकणारा. पोराने चुकून खाल्ली आणि दोन दिवस खेळत-बागडत राहिलं म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त नंतर वाहायला लागतं. लगेच दवाखान्यात न्या, वडीचं वेष्टनही सोबत न्या. झिंक फॉस्फाइडची काळी पूड मात्र वेगळी, ते जहाल विष आहे, त्याला व्हिटॅमिन केचा उतारा चालत नाही.

प्रश्न : मोठा भाऊ रात्री दहाला चांगला जेवून झोपला, पहाटे पाचला उठवलं तर उजवी बाजू लुळी. घरात ॲस्पिरिन होती, ती दिली आणि सहा वाजता दवाखान्यात पोचलो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं असं ऐकून होतो, पण वेळ निघून गेली म्हणत त्यांनी दिलं नाही. तासाभरात पोचलो तरी वेळ कशी गेली? — एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : तुमचा राग समजतो. पण त्यांचा हिशोब बरोबर होता. वर सांगितलेल्या गोळ्या गुठळी होऊ देत नाहीत किंवा वाढू देत नाहीत. झालेली गुठळी त्या विरघळवत नाहीत. ती विरघळवायची यंत्रणा शरीराची स्वतःची असते. फायब्रिनचे धागे विणले जातानाच त्यांत प्लाझ्मिनोजेन नावाचा निजलेला कामगार गुंफला जातो. तो जागा झाला की प्लाझ्मिन होतो आणि धागे कुरतडतो. ही इंजेक्शनं त्याला जागं करतात. पहिलं त्यातलं स्ट्रेप्टोकायनेज, स्ट्रेप्टोकोकस जंतूतलं. जंतूची ही करामत विल्यम टिलेट यांनी 1933 सालीच मांडली, म्हणजे विस्कॉन्सिनचा शेतकरी कॅन घेऊन निघाला त्याच साली. देशी स्ट्रेप्टोकायनेजचं तंत्र पुढे चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेत विकसित झालं. ते जंतूचं असल्यामुळे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून एकदा घेतलेल्याला ते सहसा पुन्हा देत नाहीत. आता अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज वापरतात. टेनेक्टेप्लेज वजन पाहून एकाच दमात शिरेतून देता येतं.

पण जागा झालेला कामगार नको असलेली गुठळी कुठली आणि हवी असलेली कुठली हे बघत नाही. लकव्याला साडेचार तासांच्या आत इंजेक्शन दिलं तर मेंदू वाचू शकतो. त्यानंतर उपाशी राहिलेला मेंदूचा भाग कुजट कापडासारखा होतो आणि त्यात रक्त उतरायचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरतो. वेळेत दिलं तरी 1995 च्या मूळ अभ्यासात दर शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. आणि घड्याळ तुम्ही उठवलंत तेव्हापासून नाही, भाऊ शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास. काही मोठ्या केंद्रांत एमआरआय पाहून किंवा तार घालून गुठळी ओढून काढायचा प्रयत्न उशिराही करतात, पण तो सगळ्यांना लागू नाही.

ॲस्पिरिन दिलीत ते चुकलंच. लकवा गुठळीने झाला की मेंदूत रक्त फुटून, हे बाहेरून मलाही ओळखता येत नाही. सिटी स्कॅनशिवाय नाही. रक्त फुटलं असताना ॲस्पिरिन म्हणजे फुटक्या पाटातले उरलेले दगडही काढून घेणं.

छातीत कळ आली तर गणित बदलतं. हार्ट ॲटॅकमध्ये स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळून दिली तर मृत्यू बरेच कमी होतात, हे 1988 साली 17 हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दिसलं. तिथे मुदत साधारण बारा तासांची, पण पहिल्या दोन-तीन तासांचं मोल सगळ्यात जास्त. धडगावहून घाट उतरून अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर ते तास रस्त्यातच सरतात. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून इंजेक्शन द्यायचं आणि मग पुढे हलवायचं, ही रीत बरोबर. नातेवाईक "इथे काही करू नका, डायरेक्ट मोठ्या गावाला नेतो" म्हणून पेशंट उचलतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही असं वाचलं. मग सापाचं विष आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या एकच का? — एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. एक नाहीत, उलट आहेत. घोणस आणि फुरसं यांचं विष गोठण्याची साखळी अंगभर एकदम पेटवतं. सगळ्या पऱ्हाट्या भलत्याच ठिकाणी खर्ची पडतात आणि जिथे हव्यात तिथे एकही उरत नाही. म्हणून त्यावर व्हिटॅमिन के नाही, प्रतिविषच लागतं. गंमत म्हणजे फुरशाच्या विषातला एक निराळा घटक प्लेटलेटला एकमेकींना धरू देत नाही. त्याची नक्कल करून टिरोफिबान नावाचं औषध बनवलं, ते अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून देतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा दंशाचा पेशंट आला की दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, टेबलावर न हलवता ठेवायचं आणि घड्याळ लावून वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गुठळी जागची हलली नाही तर ठीक. रक्त पाण्यासारखं काठाला आलं तर प्रतिविष सुरू. एका रात्री लागोपाठ दोघांचं रक्त गोठेना, पण दोघंही हसत-बोलत बसलेले, हिरड्यांतून थेंब नाही. वॉर्डबॉय मामांना विचारलं, नळ्या कुठून आणल्या? त्यांनी त्या साबणाच्या पावडरीने लख्ख घासून आणल्या होत्या. साबणाचा अंश राहिलेल्या काचेत रक्त नीट गोठत नाही. नव्या नळ्यांत पुन्हा घेतलं, वीस मिनिटांनी दोन्हींत घट्ट गुठळी. दुसऱ्या दिवसापासून न धुतलेल्या कोऱ्या नळ्यांचा डबा मी माझ्या खणात कुलपात ठेवायला लागले.